सटाण्याचा देव आणि सरकारी खजिना

नामपूरहून सटाण्याला निघाले की मोसम नदीचे खोरे मागे पडते आणि रस्ता आरम नदीच्या बाजूला वळतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. एरवी हा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांचा, पण मार्गशीर्ष वद्य एकादशीला तो यात्रेकरूंचा होतो. आमच्या लहानपणी घरोघरच्या बायका आदल्या रात्रीच भगर निवडून ठेवत, शेंगदाणे भाजून ठेवत. उपवासाचा दिवस, थंडीचे दिवस, आणि गाडीत गोधडीत गुंडाळलेली आम्ही पोरे. कुठे चाललो, असे विचारले तर मोठी माणसे एवढेच म्हणायची: मामलेदाराच्या यात्रेला.

मामलेदार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नव्हते. तो देव असतो, अशीच आमची समजूत होती. मोठेपणी कळले की मामलेदार हा तालुक्याचा महसुली अंमलदार, आजच्या तहसीलदाराचा पूर्वज. सारा वसूल करणारा, जप्तीची नोटीस काढणारा. शेतकऱ्याने ज्याच्या दारात जाताना पागोटे काढून हातात घ्यावे, असा माणूस. बागलाणच्या शेतकऱ्यांनी अशा माणसाला देव केले, त्याचे देऊळ बांधले, आणि त्याच्या पुण्यतिथीला शंभर वर्षांहून अधिक काळ ते यात्रा भरवत आहेत. महाराष्ट्रात देवळे उदंड आहेत. पण सारा वसूल करणाऱ्यापुढे सारा भरणाऱ्यांनी प्रेमाने नारळ फोडावा, असे देऊळ मला दुसरे ठाऊक नाही. म्हणून त्या देवळामागची हकीकत नीट सांगायला हवी.

बागलाण हा सह्याद्रीच्या पूर्व उताराचा मुलूख. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांतून मोसम निघते, तिच्या दक्षिणेकडून आरम येते, दोघी शेवटी गिरणेला मिळतात. इथल्या बागूल राजांनी शतकानुशतके मुल्हेर-साल्हेरच्या आधाराने राज्य केले, मग मोगल आले, मराठे आले, आणि 1818 च्या पावसाळ्यात मुल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. राज्ये बदलली, पण नद्यांवरचे फड बदलले नाहीत. नदीला जागोजागी दगडी बंधारे घालायचे, पाटाने पाणी काढायचे, सगळ्यांच्या जमिनी मिळून एक फड करायचा, त्यात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने सांगितलेल्या पाळीनेच पाणी घ्यायचे, ही इथली जुनी शिस्त. फडातल्या जमिनीवर ऊस, गहू व्हायचा. फडाबाहेर मात्र सगळी कोरडवाहू बाजरी, आणि तालुक्यातली बहुतेक माणसे त्या बाजरीवर जगायची.

नदीकाठ हिरवा दिसतो, म्हणून परक्या माणसाला बागलाण सुपीक वाटते. इथला दुष्काळ समजायला इथेच राहावे लागते. पाऊस पश्चिमेच्या डोंगरांवर पडला तर नद्या वाहतात, नद्या वाहिल्या तर बंधारे भरतात. डोंगरावरचा पाऊसच हुकला की फड आणि कोरडवाहू दोन्ही एकाच वेळी बसतात. मग काठावरचा बागायतदार आणि माळावरचा मजूर यांच्यात फरक उरतो तो फक्त घरातल्या दाण्यांच्या कणगीचा. ती कणगी किती दिवस पुरते, तेवढाच.

1870-71 साली असेच झाले. त्याआधीचे दशक मोठे फसवे होते. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे खानदेशात कापसाला सोन्याचे भाव आले. शेतकऱ्यांनी कर्ज काढून बैल घेतले, लग्ने केली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मागे राहिले. सावकारांविरुद्धचा असंतोष पुढे 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंग्यांच्या रूपाने फुटला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात नाशिक जिल्हा तेव्हा नुकता, 1869 मध्ये, घडवलेला. तोवर खानदेशात असलेले बागलाण आता नाशिकच्या कलेक्टराकडे आले होते. अशा वेळी सटाण्याच्या कचेरीत मामलेदाराच्या गादीवर यशवंत महादेव भोसेकर नावाचे पंचावन्न वर्षांचे गृहस्थ बसले होते.

त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1815 चा, पुण्यातला. पेशवाई अजून तीन वर्षे जगायची होती. घराणे मूळचे पंढरपूरजवळच्या भोसे गावचे, म्हणून आडनाव भोसेकर. हे भोसे गाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. यशवंतराव कोवळ्या वयात कारकुनीला लागले आणि एकेक पायरी चढत मामलेदार झाले. बरीचशी नोकरी खानदेश-नाशिकच्या तालुक्यांतून हिंडण्यात गेली. घरी येणाऱ्याला विन्मुख धाडायचे नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांच्या पगाराला कधीच झेपला नाही.

आता त्यांच्या हाती काय होते आणि काय नव्हते, ते पाहू. तालुक्याच्या कचेरीत खजिन्याची खोली असे. गावोगावचा वसूल पाटील-कुलकर्णी गोळा करत आणि गावचा महार ती थैली डोक्यावर घेऊन कचेरीत आणून टाकी. पोतदार एकेक रुपया वाजवून खरा-खोटा पाही, कारकून चलान लिही, मग पैसे पेटीत पडत. पेटीला कुलपे, बाहेर शिपायांचा पहारा. ठरल्या मुदतीने ती रक्कम जिल्ह्याच्या हुजूर खजिन्यात रवाना व्हायची. मामलेदार हा या पैशाचा राखणदार. त्यातला एक रुपयाही वरच्या हुकमाशिवाय खर्च करण्याचा अधिकार त्याला नव्हता. केला तर ती अफरातफर, आणि अफरातफरीला तुरुंग.

दुष्काळात काय करायचे, याचा सरकारजवळ तेव्हा लिखित नियमच नव्हता. दुष्काळ आयोग बसला तो 1878 मध्ये, 1876-78 च्या महादुष्काळाने लाखो माणसे गिळल्यावर. त्या आयोगातून दुष्काळ संहिता निघाल्या, त्या 1880 नंतर. यशवंतरावांसमोर भुकेली माणसे उभी राहिली तेव्हा दुष्काळ केव्हा जाहीर करायचा, काम कुठे काढायचे, धान्य कोणाला द्यायचे, यांपैकी काहीही ठरलेले नव्हते. ठरलेले एकच होते: सारा वसूल करायचा.

त्याच काळात अधिकाऱ्यांनी थांबून राहण्याचे काय होते, याचा एक भयंकर दाखला ताजा होता. 1866 मध्ये ओरिसात दुष्काळ पडला. बंगाल सरकारच्या वरिष्ठांनी मानले की भाव वाढले की व्यापारी आपणहून धान्य आणतील, सरकारने हात घालू नये. व्यापारी आले नाहीत. सरकारला जाग आली तेव्हा पावसाळा तोंडावर होता, समुद्र खवळला होता, आणि तांदळाची गलबते किनाऱ्याला लागेनात. सुमारे दहा लाख माणसे गेली. त्या अधिकाऱ्यांनी नियम मोडला नव्हता. माझ्या मते यशवंतरावांची थोरवी मापायची असेल तर ती या घटनेशेजारी ठेवून मापावी.

बागलाणची परंपरा सांगते ती अशी. आधी यशवंतरावांनी घरातले धान्य वाटले, मग पैसा वाटला, मग भांडीकुंडी आणि दागिने गेले. तरी दारातली रांग हटेना. वर लिहून हुकूम येईपर्यंत माणसे जगणार नाहीत, हे दिसत होते. तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि त्यातले 1 लाख 27 हजार रुपये रयतेला वाटून टाकले.

हा आकडा सटाण्यात लहान मुलालाही पाठ असतो, पण तो नुसता उच्चारून पुढे जाऊ नये. तेव्हाचा व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा चांदीचा रुपया साडेअकरा ग्रॅमांहून थोडा जड होता. 1 लाख 27 हजार रुपये म्हणजे सुमारे 1,480 किलो चांदी, जवळजवळ दीड टन. ती एका रात्रीत कोणी खिशात घालून नेत नाही. ती ओंजळीओंजळीने बाहेर गेली असणार, कारकुनांच्या, शिपायांच्या, पोतदाराच्या डोळ्यांदेखत. मामलेदाराचा पगार महिना 200 रुपये धरला तरी ही रक्कम त्याच्या 53 वर्षांच्या पगाराएवढी. भरून देण्याची आशा ठेवून केलेले हे काम नव्हे. आपल्या नोकरीचे, अब्रूचे, घरादाराचे काय होणार हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाने, पंचावन्नाव्या वर्षी, शांतपणे केलेले हे काम आहे.

आणि आता कथा. कोणीतरी वर चुगली केली. तपासणीसाठी साहेब घोड्यावरून सटाण्याला आला. कचेरी चिडीचूप. खजिना उघडा, असे साहेबाने फर्मावले. यशवंतरावांनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि किल्ली पुढे केली. पेटी उघडली, रुपये मोजले, हिशेबाच्या वहीशी ताडून पाहिले. एका रुपयाचाही फरक नाही. साहेबाने टोपी काढली, आणि त्या दिवसापासून यशवंतराव मामलेदार हे देव मामलेदार झाले. आमच्याकडे अहिराणीत ही सगळी कथा एका वाक्यात सांगतात: मामलेदारनी खजिना उघडी दिन्हा, आन् देवनी तो भरी दिन्हा.

मराठी वाचकाला ही कथा ऐकताच दुसरी एक कथा आठवली असेल. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. पंधराव्या शतकात बहामनी अमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणारा हा अधिकारी. दुष्काळ पडला, पंढरपूर परिसरातली माणसे अन्नान्न करत दारात आली, आणि दामाजीपंतांनी बादशहाच्या धान्याची कोठारे उघडली. बेदरहून त्यांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत असतानाच एक महार बेदरच्या दरबारात शिरला, धान्याची सगळी किंमत त्याने मोजून दिली, पावती घेतली आणि दिसेनासा झाला. तो विठू महार म्हणजे साक्षात पांडुरंग. महिपतींनी 1762 मध्ये पुरा केलेल्या भक्तविजयात ही कथा आहे, आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव पोचवली आहे.

मंगळवेढा पंढरपूरहून हाकेच्या अंतरावर. आणि भोसेही पंढरपूरचेच. म्हणजे यशवंतरावांच्या घराण्यात दामाजीपंतांची कथा परक्या मुलखातली नव्हती, घरच्या परसातली होती. लहानपणापासून कानांवर पडलेली. सटाण्याच्या कचेरीत किल्लीला हात घालताना त्यांना दामाजी आठवले नसतील, हे मला तरी खरे वाटत नाही. मोठा सरकारी अंमलदार, परक्याचे राज्य, उपाशी रयत, भरलेले कोठार: चारशे वर्षांनी सगळे तसेच्या तसे समोर उभे होते. दामाजींनी जे केले तेच करायचे होते. फरक एवढाच की दामाजींना आपली कथा आधी ठाऊक नव्हती, यशवंतरावांना ती ठाऊक होती.

रयतेलाही ठाऊक होती. म्हणून बागलाणच्या लोकांनी सटाण्यात जे पाहिले ते दामाजींच्या कथेच्या साच्यात ओतले. यात काही लबाडी नाही. लोकांची स्मृती असेच काम करते, ती नव्या माणसाला जुन्या माणसाशेजारी नेऊन बसवते. पण दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक बारकावा दिसतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दामाजींच्या कथेत देव महाराच्या रूपात येतो. वसुलाची थैली कचेरीत पोचवणे हे गावच्या महाराचे वंशपरंपरेचे काम होते. ज्याच्या डोक्यावरून सरकारचा पैसा जातो पण ज्याच्या घरात त्यातला एक पैसा राहत नाही, त्याचेच रूप घेऊन पांडुरंग दरबारात गेला. सटाण्याच्या कथेत देव कोणाच्याच रूपाने येत नाही. पेटी आपोआप भरलेली सापडते. मध्ये कोणी नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याची नजर किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसावरून हलत नाही.

चमत्कार मानावा की नाही, हा प्रश्न यात्रेत मी कोणाला पडलेला पाहिला नाही. माझे मत विचाराल तर खजिना भरला यापेक्षा खजिना उघडला हे मला अधिक मोठे वाटते. भरणे देवाला सोपे. उघडणे माणसाला सोपे नव्हते. आणि बागलाणच्या रयतेनेही, मला वाटते, मनातून हेच मानले. नाहीतर तिने पेटी भरणाऱ्या देवाचे देऊळ बांधले असते. तिने बांधले ते मामलेदाराचे.

त्यानंतर यशवंतरावांची नोकरी फार चालली नाही. कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्यांपेक्षा पाया पडायला येणारे वाढले, आणि सरकारी काम करणे अवघड झाले, असे सांगतात. नोकरीतून मोकळे झाल्यावरही माणसे त्यांच्यामागे गेली. शेवटची वर्षे त्यांनी नाशिकला गोदावरीकाठी काढली. हाती येईल ते वाटून टाकण्याची सवय तिथेही सुटली नाही. 11 डिसेंबर 1887 रोजी त्यांनी देह ठेवला. शके 1809, मार्गशीर्ष वद्य एकादशी. नाशिकला रामकुंडाच्या खाली गोदाकाठी त्यांच्या नावाचे देऊळ आहे, आणि समोरच्या मोकळ्या जागेला आजही यशवंतराव महाराज पटांगण म्हणतात. गोदेला पूर आला की वर्तमानपत्रांत हे नाव हमखास येते, पण ते कोणत्या यशवंतरावांचे हे किती नाशिककरांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे.

सटाण्याला मात्र शंका नाही. आरमकाठचे देऊळ हे ग्रामदैवताचे. एकादशीला यात्रा सुरू होते आणि पुढे पंधरवडाभर चालते. रथाची मिरवणूक गावातून फिरते. मुख्य रस्त्यांवरून रथ सावकाश सरकतो, दारोदार ओवाळणी होते, आणि म्हाताऱ्या बायका रथाच्या दोराला हात लावून तो कपाळाला लावतात. नदीकाठी पाळणे, रेवड्या, गुडीशेव, भांड्यांची आणि घोंगड्यांची दुकाने. कुस्त्यांच्या दंगलीला मालेगाव, कळवण, देवळ्याकडून पैलवान येतात.

यात्रेचे दिवस शेतकऱ्याच्या वर्षात नेमके बसतात. बाजरी घरात आलेली असते. लाल कांदा बाजारात जात असतो, उन्हाळी कांद्याची लागण सुरू झालेली असते. बागलाणच्या लवकर छाटलेल्या द्राक्षबागांतून पहिला माल निघू लागतो. हातात चार पैसे असतात, किंवा भाव पडले असतील तर नसतात. ज्या वर्षी नसतात त्या वर्षी देवळातली गर्दी कमी होत नाही, उलट वाढते, हे मी अनेकदा पाहिले आहे. नामपूरच्या बाजार समितीत कांदा मातीमोल विकून रिकामी गाडी घेऊन निघालेला माणूस परस्पर सटाण्याला येतो. देवाकडे तो काय मागतो ते मी विचारलेले नाही. पण ज्याच्यापुढे तो उभा असतो त्याने एकदा त्याच्या पणजोबासाठी सरकारी पेटी उघडली होती, हे त्याला माहीत असते.

या सगळ्या सोहळ्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण गर्दी जमायच्या आधीचा आहे. एकादशीच्या पहाटे, अंधार असताना, देवळात महापूजा होते. ती करण्याचा मान बागलाणच्या तहसीलदारांचा असतो. त्यांची बदली आदल्या महिन्यात झालेली असो की तीन वर्षांपूर्वी, ते कोणत्याही जिल्ह्यातून आलेले असोत, त्या पहाटे ते सपत्नीक पाटावर बसतात. ज्या खुर्चीवर ते दिवसा बसतात तिच्यावर दीडशे वर्षांपूर्वी बसलेल्या माणसाला ते पाण्याने न्हाऊ घालतात, गंध लावतात, फुले वाहतात. बाहेर कुडकुडत उभे असतात ते तालुक्याचे खातेदार, ज्यांचे सातबारे, पंचनामे आणि नुकसानभरपाईचे अर्ज त्याच तहसीलदारांच्या टेबलावर पडलेले असतात. पूजा संपली की दरवाजा उघडतो, आणि साहेब आणि शेतकरी एकाच देवापुढे हात जोडून उभे राहतात.

वाचकहो, सप्तशृंगीला आणि त्र्यंबकेश्वराला तुम्ही जाताच. एकदा मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीला सटाण्याला या. शक्य असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या, आणि ती पहाटेची पूजा चुकवू नका.